पाय काय करतात

सोमवार, ६ जानेवारी

आज एक गोष्ट केली आणि घरात सांगितली नाही, म्हणून इथे लिहितो. कुठेतरी सांगितल्याशिवाय माझ्या पोटात काही राहत नाही, आणि राहिलंच तर दिवसभर ढेकर येतात.

बाजाराच्या टोकाला मोटार चालवायला शिकवणारी शाळा आहे. तिच्यासमोरून मी रोज जातो. आज आत गेलो. चप्पल तुटली की शिवायला जातो, दात दुखला की उपटायला जातो. तसं काहीच झालं नव्हतं. पाय वळले.

मालक म्हणाले, "या आजोबा. कुणाला शिकायचंय?"

"मला."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी होतो तिथेच होतो.

"गाडी घेतलीत?"

"नाही."

"मुलगा घेतोय?"

"नाही."

"मग कशासाठी?"

इथे माझी बोबडी वळली. खरं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते मोठ्याने म्हटलं की येडपटासारखं वाटतं. मी आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होतो. ड्रायव्हरच्या पाठीमागे उभं राहून नोकरी संपली. त्याचे हात दिसायचे, मान दिसायची, मानेवरचा घाम दिसायचा. पाय दिसायचे नाहीत. खाली ते पाय काहीतरी करायचे आणि इकडे खचाखच भरलेली बस लोण्यासारखी सरकायची, नाहीतर सगळे एकमेकांच्या अंगावर पडायचे. ते पाय नेमकं काय करतात, एवढंच मला बघायचंय. पण असं सांगून कोणी शाळेत घेतं का? घाबरून तोंडातून निघालं, "टेम्पो घ्यायचाय. भाजीचा."

मालकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. वय एकाहत्तर, वजन कोबीच्या पोत्याहून कमी. "चांगलं आहे," म्हणाले. "माणसाने रिकामं बसू नये."

सातवीत शाळा सुटली, पण टेबलामागे बसलेला माणूस दिसला की मला अजून गृहपाठ न केल्यासारखं वाटतं. परवा पहिला धडा. रक्तदाब नक्की वाढणार.

बुधवार, ८ जानेवारी

शिकवायला बाई आहेत. माझ्या मुलीच्या वयाच्या, म्हणजे मला मुलगी असती तर तेवढ्या. केस बारीक कापलेले, तोंडात कायम लवंग. म्हणाल्या, "काका, मला मॅडम म्हणू नका." मी म्हटलं, "बरं मॅडम."

सवयीने मागचं दार उघडून आत बसलो. मॅडम बाहेर उभ्या राहून वाट बघत होत्या. शेवटी काचेवर टकटक केली. "काका, तिथे प्रवासी बसतात."

गाडीत एक ब्रेक शेजारच्या माणसाच्या पायाखालीही आहे. हे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला. असा एक शेजारी प्रत्येकाला मिळायला हवा होता.

किल्ली फिरवली. मॅडम म्हणाल्या, "चला." मी मान वळवून मागे बघितलं.

"काका, पुढे बघा पुढे! मागे काय आहे?"

"सगळे चढले का बघतो."

मॅडमनी लवंग गिळली बहुतेक. मग वळण आलं. वळण यायच्या आधीच माझं अंग तिकडे कललं आणि उजवा हात आपोआप वर गेला, दांडी धरायला. दांडी नव्हती. स्टिअरिंगच्या चाकावरही हात नव्हता. मॅडमनी त्यांचा ब्रेक दाबला.

पायांबद्दल: खाली पट्ट्या तीन आणि पाय दोन. हे मला माहीत होतंच, पण पाय दुसऱ्याचे असताना माहीत होतं. स्वतःचे असले की हा हिशोब बसत नाही. आज बसला नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

बिंग फुटलं.

ही दूध आणायला गेली म्हणून जेवायच्या टेबलाखाली तीन चपला मांडल्या. दोन माझ्या, एक हिची. डोळे मिटून सराव करत होतो. डावा दाब, गिअर, डावा सोड, उजवा दाब. इंजिनाचा आवाज तोंडाने. बऱ्यापैकी वेग घेतला होता, तेवढ्यात समोरून आवाज आला.

"अहो. माझी दुसरी चप्पल कुठाय?"

मी डोळे उघडले. काही सुचलं नाही, म्हणून ब्रेक दाबला. हिने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग टेबलाखाली, मग सरळ चिरंजीवांना फोन लावला. "लवकर ये. तुझ्या वडिलांचे पाय आपोआप हलताहेत. तोंडाने फुर्र फुर्र करताहेत. मला काही लक्षण ठीक दिसत नाही."

मग सगळं सांगावंच लागलं. हिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साठी बुद्धी नाठी म्हणतात. तुमची दहा वर्षं उशिरा गेली एवढंच." आणि माझ्या पायाखालची आपली चप्पल काढून घेतली. आता क्लच नाही.

शनिवार, ११ जानेवारी

चिरंजीव आले. ते दोन गल्ल्या पलीकडे राहतात आणि सकारण येतात. विनाकारण ते काहीच करत नाहीत. चालतात ते साखरेसाठी, बदाम खातात ते स्मरणशक्तीसाठी. परवा ढगांकडे बघताना दिसले म्हणून मला बरं वाटलं होतं, तर मानेचा व्यायाम होता.

"बाबा, टेम्पो?"

शाळेचे मालक यांना बँकेत भेटले होते. जग लहान आहे आणि त्यातली निम्मी माणसं बँकेत असतात.

"टेम्पो नाही रे. ते असंतसं बोललो."

"देवा. मी दोन रात्री झोपलो नाही." मग खुर्चीत नीट बसून, "मग कशासाठी?"

"बघायला."

"काय बघायला?"

"पाय काय करतात ते."

ते हिच्याकडे बघू लागले. हिने खांदे उडवले.

"बाबा, शिकायला वय लागतं असं मी म्हणत नाही. पण उपयोग? गाडी नाही. नोकरी करायची नाही. समजा आलं चालवता. पुढे काय?"

पुढे काय याचा मी विचारच केला नव्हता. मला वाटलं होतं, आलं चालवता, की झालं.

ही चहा ठेवता ठेवता म्हणाली, "जाऊ दे त्यांना. मीही बसते मागे. काय व्हायचं ते दोघांचं होईल. मागे राहून एकटी काय करू, तुझे बदाम सोलू?"

मला पाठिंबा मिळाला की पहारा बसला, ते कळलं नाही.

बुधवार, १५ जानेवारी

पहारा आहे. ही ठेवणीतले कपडे घालून, उशी आणि पेपरमिंटची पुडी घेऊन मागे बसते. मॅडमला एक, स्वतःला एक. मला नाही, कारण "चालकाने खाऊ नये." ओळखीचं कोणी दिसलं की काच खाली करून हात हलवते. मी म्हटलं, "अगं, मिरवणूक आहे का?" तर म्हणते, "गुदमरतं मला आत. हवा घेते." हवा घ्यायला हात कशाला हलवावा लागतो?

आज मागे यायचा, म्हणजे रिव्हर्सचा, धडा झाला. मला मान पूर्ण वळवता येत नाही, आरशात सगळं उलटं दिसतं. ही मागच्या काचेतून बघून सांगते, "येऊ द्या, येऊ द्या, बास." त्यामुळे जमलं. मॅडम म्हणाल्या, "काकू, तुम्हाला पगार द्यायला हवा." ही केवढी खुलली. घरी मी काही आणून दिलं तरी एवढी खुलत नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

उस्ताद भेटला. माझ्या पाळीवर सगळ्यात जास्त वर्षं हाच ड्रायव्हर होता. मानेवरचा घाम म्हणतो तो याचा. रोज डेपोच्या भिंतीलगतच्या बाकावर बसून बाहेर पडणाऱ्या गाड्यांना नावं ठेवत असतो.

"काय कंडक्टर, माझी जागा घेतोस म्हणे."

"तुझी कुठली, शाळेची गाडी आहे. एवढीशी."

"मी चालवली ती पोटासाठी. हौसेने गाडी दोघेच चालवतात. श्रीमंत आणि येडे. आणि तू श्रीमंत नाहीस."

"बरं, मला एक सांग. अर्धा क्लच म्हणजे नेमका किती? माझी गाडी तिथेच बंद पडते."

त्याने तोंड उघडलं. मिटलं. पाऊल हवेत धरून थोडं वरखाली केलं. "हे बघ, एवढा... नाही. एवढा. तसं नाही, ते... छे! सांगता येत नाही. पायाला माहीत आहे. मला माहीत नाही."

मग बराच वेळ स्वतःच्याच पायांकडे बघत बसला. गुडघे दुखत असावेत. मी उठलो तरी लक्ष नव्हतं.

सोमवार, २० जानेवारी

आला! अर्धा क्लच आला!

पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर मॅडमनी गाडी थांबवायला लावली. म्हणाल्या, "आता ब्रेक सोडायचा, पण मागे जायचं नाही. पायाने ऐका." पायाने ऐका म्हणे. मला कानाने धड ऐकू येत नाही. डावा पाय सोडत आणला, सोडत आणला, आणि एका जागी गाडीने अंगात आल्यासारखा बारीक शहारा घेतला. पुढे नाही, मागे नाही. चढावर तशीच लटकून राहिली, आणि तिला तिथे धरून ठेवणारा माझा पाय होता.

हा शहारा मला ओळखीचा निघाला. बसच्या पत्र्यातून तो माझ्या तळव्यांना रोज यायचा. गाडी सुटायच्या आधी, दर थांब्यावर. तेव्हा वाटायचं गाडीच तशी आहे. आज कळलं, तो कुणाचा तरी पाय होता.

मी म्हटलं, "मॅडम, थोडा वेळ असंच राहू का?"

"राहा की. क्लच जळतो, पण मालकांचा आहे."

मागून ही म्हणाली, "काय झालं? बंद पडली का?"

"नाही गं. थांबलीय."

संध्याकाळी मात्र मन खायला उठलं. चिरंजीवांचं खरं आहे. या वयात शिकलेलं कोणत्या कामी येणार? दुकान बंद व्हायच्या वेळी नवा शर्ट घेण्यासारखं आहे. घालणार कधी? त्यावर फक्त एवढंच म्हणता येईल की शर्ट अंगाला छान बसला होता.

शनिवार, २५ जानेवारी

चिरंजीव पेढे आणल्यासारखा चेहरा करून आले. हातात कागद.

"बाबा, तुमच्या शिकण्याला उपयोग सापडला!"

जुनी पण चांगली गाडी त्यांनी ठरवली आहे. वांग्याच्या रंगाची. त्यांना स्वतःला चालवता येत नाही, शिकायला वेळ नाही. मी परीक्षा पास झालो, लायसन्स आलं, की सकाळी उठून नातीला शाळेत सोडायचं. मग सूनबाईंना. मग त्यांना. दुपारी नात परत, तिचा नाच, तिचं पोहणं, मग सूनबाई परत, मग ते. कागदावर सगळं रंगीत पेनाने काढलेलं. नातीचा गुलाबी, सूनबाईंचा हिरवा. माझा रंग कुठेच नव्हता, कारण मी सगळीकडेच होतो.

"बघा, सगळ्यांची सोय. आणि तुम्हालाही बरं वाटेल. आपण उपयोगी आहोत असं."

मी म्हटलं, "छान आहे." काय म्हणणार? सगळं त्यांचं बरोबर होतं. आत्तापर्यंत कशासाठी म्हणून कोणी विचारलं की मी ततपप करायचो. आता छापील उत्तर मिळालं.

कागद भिंतीवर चिकटवून ते गेले.  हिने कपबश्या धुतल्या, पण अशा धुतल्या की शेजारच्यांना कळावं.

मंगळवार, २८ जानेवारी

आज गाडी सारखी बंद पडली. चढावर शहारा आलाच नाही. आला असेल तर मला कळला नाही, मी नातीच्या शाळेच्या घंटेचा विचार करत होतो.

मॅडम म्हणाल्या, "काका, गेल्या आठवड्यात हात कसा मोकळा होता! आज काय झालंय?"

"मागे नात बसलीय असं वाटतं."

"मागे काकू आहेत."

"काकूंचं एवढं काही नाही."

"ऐकलं हं मी!" मागून.

घरी येऊन त्या कागदासमोर उभा राहिलो. हुबेहूब डेपोतला ड्युटीचा तक्ता. नोकरीला वडिलांनी लावलं, लग्न त्यांनीच लावलं, पाळी डेपो लावायचा, आणि निवृत्तही सरकारने केलं. आयुष्यात हे एकच काम मी मला लावून घेतलं होतं. आता तेही दुसऱ्याने लावलं. हे चिरंजीवांना सांगावं तर कसं सांगावं? नातीला शाळेत सोडायला नको म्हणणारा आजोबा कोणी बघितलाय का? तोंडात किडे पडतील.

एक विचार मनात आला आहे. लिहायचीही लाज वाटते. पास झालोच नाही तर?

शुक्रवार, ३१ जानेवारी

उस्तादला सांगितलं. तो आधी पोट धरून हसला, मग एकदम गंभीर झाला.

"कंडक्टर, नापास होणं सोपं नाही. त्यालाही गाडी चालवता यावी लागते. नाहीतर तू घाबरून भलतीकडेच घालशील आणि साहेबाला दवाखान्यात पोचवशील. नीट, बेतशीर नापास व्हायचं."

मग त्याने बाकावरच वर्ग भरवला. माझ्या हातात पत्र्याच्या डब्याचं झाकण दिलं, चाक म्हणून. चढावर क्लच एकदम सोडायचा, गाडी मेली की गडबडल्यासारखं करायचं, असं तीनदा. चौथ्यांदा साहेब कंटाळतो. "पण एकदम म्हणजे धप्पकन नाही. हे बघ. माझा पाय बघ. बघतोस ना?"

एवढी वर्षं ज्या पायांसाठी जीव टाकला ते समोर होते, जुनी चप्पल घातलेले, आणि त्यांचा मालक ते मला हौसेने दाखवत होता. ऊन उतरलं तरी सोडेना. "पुन्हा कर. छे, फार चांगला सोडलास. वाईट सोड."

जाताना म्हणतो, "उद्या ये, उतारावरचं नापास होणं दाखवतो." परीक्षेत उतार नाहीच, हे मी सांगितलं होतं त्याला. विसरभोळा झालाय.

बुधवार, ५ फेब्रुवारी

परीक्षा झाली. 

साहेब जाडे, शांत, पाटीला लावलेल्या कागदावर टिकमार्क करणारे. हिला आणि मॅडमला बाहेर बाकावर बसवलं. गाडीत आम्ही दोघंच. 

चढ आला. बेत पक्का होता. क्लच सोडायला घेतला, वाईट सोडायचा म्हणून. आणि शहारा आला. आता जो शहारा इतका शोधला, तो आपण होऊन आल्यावर त्याला लाथ मारायची? पायाने ऐकलं नाही. गाडी अलगद वर गेली. साहेब म्हणाले, "वा." मला साहेब लोकांनी कधी वा म्हटलेलं नाही. घात झाला.

मग शेवटी रिव्हर्स. दोन खांबांच्या मध्ये गाडी मागे घालायची. मी गिअर टाकला आणि वाट बघितली. मागून "येऊ द्या" आलं नाही. मागे कोणीच नव्हतं. मान वळेना, आरशात खांब कुठला आणि आभाळ कुठलं कळेना. आणि इथे काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. बस मागे घ्यायची असली की कंडक्टर उतरतो. आयुष्यभर उतरलो. तर मी हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि उतरलो. मागे गेलो, डिकीवर थाप मारली आणि ओरडलो, "येऊ द्या! येऊ द्या!"

गाडी येईना. परत थाप मारली. "अहो, भरपूर जागा आहे, येऊ द्या!"

मग साहेबांचं डोकं खिडकीतून बाहेर आलं. ते शेजारच्या सीटवर होते. चाकावर कोणीच नव्हतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"आजोबा," ते म्हणाले, "कोण येऊ द्या?"

बाकावर मॅडम आणि ही एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून बसल्या होत्या. मला वाटलं रडताहेत.

नापास. आणि शपथेवर सांगतो, हे मुद्दाम नव्हतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

चिरंजीव आले. मला वाटलं चिडतील, तर उलट धीर द्यायला लागले. "काही बिघडलं नाही बाबा. महिन्याने परत देता येते. साहेबांशी बोललोय मी, बाकी सगळं उत्तम होतं म्हणाले. रिव्हर्स घोटून घ्या. गाडी तोवर दारात उभी राहील."

म्हणजे नापास होऊनही सुटका नाही. मी भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "मला नको."

"काय नको?"

"लायसन्स. ते सगळं. गुलाबी, हिरवं."

"नातीला सोडायला नको?"

"नातीला बसने सोडतो. हात धरून. कधीही सांग." मी कागदाकडे बोट केलं. "पण गाडी नको."

"मग शिकलात कशाला!" आता मात्र ते चिडले. "नुसतं शिकायला शिकलात?"

 बाजू मांडायला शिक्षण लागतं, ते सातवीत सुटलेलं. मी चहात बोट घालून माशी काढत बसलो. माशी नव्हती.

तेव्हा ही बोलली. तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. "यांची पहिली पाळी असायची तेव्हा मी अंधारात उठायचे. डबा, पाणी, इस्त्री. यांची एक ड्युटी, तर माझी दीड. निवृत्त झाले त्या दिवशी यांना हार घातला, मला कोणी घातला नाही, पण मनात म्हटलं, सुटलो दोघंही. आता तुझा तो कागद बघितला आणि पोटात परत अंधार झाला. मी परत गजर लावणार नाही. स्पष्ट सांगते."

"आई, तू आधी का नाही बोललीस?"

"कपबश्या ऐकल्या नाहीस?"

चिरंजीव उठले. मग कागद काढला, चार घड्या घातल्या. जाताना दारात म्हणाले, "म्हणजे आता मलाच शिकावं लागणार. वेळ कुठेय मला!"

मी हिला म्हटलं, "तू माझी बाजू घेतलीस."

"तुमची कुठे, माझी घेतली." आणि थोड्या वेळाने, "उद्या धडा आहे ना? किती वाजता?"

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मालकांनी विचारलं, "टेम्पोचं काय झालं?"

"रद्द."

"परीक्षा परत देणार?"

"नाही."

"धडे बंद करायचे?"

"नाही."

त्यांनी तोंड उघडलं. मी म्हटलं, "विचारू नका." ते म्हणाले, "नाही विचारत." आणि चष्मा पुसायला घेतला. साधा, भला माणूस आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

चिरंजीवांनी शाळेत नाव घातलं. त्यातही सोय बघितली. सकाळी अर्धा वेळ मी चालवायची, मग जागा बदलून त्यांनी. धडा बरोबर त्यांच्या ऑफिसच्या फाटकाशी संपवायचा, म्हणजे एक मिनिट वाया जात नाही. त्यांच्या वेळी मी आणि ही मागे.

फारच कडक बसतात. मॅडम म्हणाल्या, "अर्ध्या क्लचवर धरा." तर विचारतात, "म्हणजे किती सेंटिमीटर?" मला मध्ये बोलायची चोरी, पण राहवलं नाही. म्हटलं, "मोजू नकोस. शहारा येईपर्यंत सोड." म्हणाले, "बाबा, प्लीज." गाडी बंद पडली. हिने त्यांना पेपरमिंट दिली. मला आजवर एकही नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आजचा धडा विचित्र झाला. चिंता वाटते म्हणून सविस्तर लिहितो.

मी टाकीचा चढ करून झाल्यावर चिरंजीव पुढे बसले. त्यांनाही चढावर थांबवलं. बराच वेळ काही नाही. मग एकदम त्यांची मान ताठ झाली, कान टवकारल्यासारखी. गाडी तिथेच लटकून राहिली. मी मागून बघत होतो. मान, खांदे, मानेवर घाम. पाय दिसत नव्हते. त्यांनी घड्याळ बघितलं नाही.  मग गाडी वर गेली.

सरळ रस्त्याला लागलो. दोन्हीकडे झाडं, वाहनं तुरळक. ऑफिसचं फाटक दिसायला लागलं. मी म्हटलं, "आलं रे."  फाटक जवळ आलं. पहारेकऱ्याने सलाम ठोकायला हात वर केला. फाटक गेलं. पहारेकऱ्याचा हात तसाच.

"मॅडम! ब्रेक! तुमचा ब्रेक दाबा!"

मॅडमनी दोन्ही पाय उचलून पोटाशी घेतले. "माझ्याकडे काय बघता काका? गाडी त्यांच्याकडे आहे."

"अरे, उशीर होईल तुला!"

"हो बाबा," म्हणाले, आणि तिसऱ्यातून चौथा टाकला. इतका अलगद, की मी बसमध्ये उभ्याने तिकिटांचा हिशोब लिहीत असतो तर हातातली पेन्सिल हलली नसती.

हिने काच पूर्ण खाली केली. ओळखीचं कोणीच नव्हतं, तरी बाहेर हात काढून हलवत राहिली. रस्ता पुढे कुठे जातो ते मला माहीत नव्हतं. चिरंजीवांना विचारलं, तर त्यांनाही नव्हतं.

ब्रेक त्यांना अजून नीट येत नाही, असं माझं मत झालं आहे. मॅडमशी एकदा बोलायला हवं.